मार्चमधल्या पाखरांना उठवू नका

गेल्या रविवारी पहाटे सहाला भिगवणजवळच्या कुंभारगावात उजनी धरणाच्या काठाने चालत होते. आम्ही सहा जण आणि पुढे आमचा गाईड, मासेमारी करणाऱ्या घरातला पंचविशीचा पोरगा. "होडीत नंतर बसू, आधी चालायचं," असं त्याने आदल्या दिवशी फोनवरच बजावलं होतं. जानेवारीत जिथे होड्या लागतात तिथून पाणी आता बरंच आत सरकलंय आणि मागे काळा गाळ उरलाय. त्या गाळात अळ्या, किडे, शिंपले. पाणपक्ष्यांसाठी उजनीचं ताट खरं तर मार्चमध्येच वाढलेलं असतं.

एका गाळपेरीच्या रानाशी त्याने हात वर केला आणि आम्हाला बांधाआड बसायला लावलं. समोर शे-दीडशे पट्टकदंब, बदकांच्याच कुळातली मोठी पाखरं, चरत होते. हे पुस्तकातलं नाव, इथे सगळे 'बार हेडेड'च म्हणतात. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे. चोची जमिनीला लागलेल्या, वर बघायला सवड नाही. कडेला दोन-तीन जण मान ताठ करून पहाऱ्याला.

आमच्यातल्या एकांकडे मोठी लेन्स होती. त्यांनी हळूच विचारलं, "दादा, एक टाळी वाजव ना. फ्लाईट शॉट मिळेल."

पोरगा म्हणाला, "नाही साहेब. जायला निघालेत ते. खाऊ द्या."

साहेब नाराज झाले. पुढे अर्धा तास त्या पोराशी बोलले नाहीत. आणि मला मात्र दोन वर्षांपूर्वीची मी आठवले. दुसऱ्याच एका जलाशयावर, होडीत उभी राहून, "अजून थोडी जवळ घ्या ना दादा," असं मीच म्हणत होते. होडी रोहितांच्या, म्हणजे फ्लेमिंगोंच्या, थव्यावर सरळ गेली, थवा पाण्यावर धावत सुटला, गुलाबी पंख उघडले, होडीतल्या सगळ्यांनी 'वाऽऽ' केलं. तो फोटो मी इथेच टाकला होता. काल काढून टाकला.

का काढला ते नीट सांगते.

पट्टकदंब हिवाळा आपल्याकडे काढतात आणि पिल्लं काढायला तिबेट, मंगोलियाच्या तळ्यांवर जातात. मध्ये हिमालय आहे. ट्रान्समीटर लावलेल्या पक्ष्यांच्या अभ्यासात त्यांची 7,290 मीटर उंचीपर्यंतची नोंद मिळाली आहे. भारताच्या बाजूने जवळपास समुद्रसपाटीपासून निघून काही पक्षी सात-आठ तासांत हिमालयाची भिंत चढून जातात, तेही पाठीवर वारा नसताना. ते बहुतेक वेळा रात्री किंवा भल्या पहाटे उडतात, कारण तेव्हा हवा गार आणि दाट असते, पंखांना धरायला काहीतरी मिळतं. त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतला प्राणवायू इतर बदकांपेक्षा घट्ट पकडतं. हे सगळं खरं असलं तरी हा प्रवास शेवटी चालतो तो चरबीवर. ती चरबी त्या रानातल्या कोवळ्या पाल्यातून आणि दाण्यांतून, घास घास करून, याच दिवसांत साठवावी लागते.

आता हिशेब मांडा. आपण एक टाळी वाजवली की दोन-दोन, तीन-तीन किलोची शे-दीडशे पाखरं एकदम जमिनीवरून उठतात. उडण्यातला सगळ्यात महागडा भाग उठण्याचाच. मग घिरट्या, मग दुसरं रान, मग तिथे निर्धास्त होईपर्यंत माना वर. रविवारी असे किती गट येतात? प्रत्येकाला एकच शॉट हवा असतो.

डिसेंबरमध्येही उठवू नयेच. पण डिसेंबरात पाखराकडे भरून काढायला महिने असतात. मार्चमध्ये दिवस असतात.

मला एका गोष्टीचं खरंच वाईट वाटतं. आपला पक्षी सप्ताह 5 ते 12 नोव्हेंबर. मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या वाढदिवसांना जोडलेला, योग्यच आहे. पाहुणे येतात तेव्हा आपण व्याख्यानं ठेवतो, शाळांची पोरं तळ्यावर नेतो. पाहुणे निघतात तेव्हा बांधावर कुणी नसतं. घरातलं माणूस लांबच्या प्रवासाला निघालं की आपण आधी विचारतो, पोटभर जेवलास ना?

दुपारी ऊन चढल्यावर गावाकडे परतताना एका काटेसावरीवर भोरड्यांचा कल्ला होता. झाड लाल, त्यात गुलाबी-काळी पाखरं, फुलांत तोंड खुपसून. माझे आजोबा ज्वारी हुरड्यात आली की माचावर उभे राहून गोफणीने याच भोरड्या उठवायचे. ते उठवणं मला समजतं, त्यात वर्षाची भाकरी होती. आणि याच भोरड्या इथून मध्य आशियात जातात तेव्हा तिथे टोळ खातात, टोळ जिथे मुबलक तिथेच हजारोंनी घरटी करतात. आजोबांना हे माहीत असतं तर त्यांनी गोफण ठेवली असती असं मी म्हणत नाही. पण आपल्या हातात गोफण नाही, कॅमेरा आहे. आपलं कुठलं पीक जातंय?

गाईड लोकांना दोष देणारे खूप भेटतात. मला ते पटत नाही. होडी जितकी जवळ नेली तितकी बक्षिसी, हा हिशेब पुण्या-मुंबईहून आलेल्या आपणच त्यांना शिकवला. हंगाम चार-पाच महिन्यांचा, त्यात घर चालवायचं. अशात 'नाही साहेब' म्हणायला त्या पोराला काय पडलं असेल, याचा विचार मी परतीच्या वाटेवर करत होते. निघताना ठरल्या पैशांवर पाचशे जास्त दिले आणि कशाचे ते मोठ्याने सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "त्या टाळीचे."

तो लाजला. म्हणाला, "ताई, पुढच्या रविवारी आलात तर हे असतील की नाही सांगता येत नाही."

बुकिंग करताना आता मी पहिला प्रश्न हाच विचारते: किती अंतरावर थांबवता? जो अंतर सांगतो त्याच्याकडे जाते. तुम्हाला असे गाईड माहीत असतील, भिगवण असो, नांदूर मधमेश्वर असो की ठाण्याची खाडी, तर त्यांना विचारून त्यांचे नंबर मला मेसेजमध्ये पाठवा. मी पुढच्या हंगामासाठी यादी करतेय.