डिस्कला विचारा, पण उत्तर ऐकू नका

असेम्ब्लीत (म्हणजे थेट प्रोसेसरच्या भाषेत) डिस्कची चौकशी करायला निघालात? मग पहिला नियम: कॅरी फ्लॅगकडे, म्हणजे ‘काहीतरी चुकलं’ सांगणाऱ्या बिटकडे, ढुंकूनही बघू नका. एएच या रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या कप्प्यात) डिस्कची माहिती मागणारा ०८, डीएलमध्ये पहिल्या हार्ड डिस्कचा ८०, मग बायोसला, म्हणजे मशीनमधल्या मूळ प्रोग्रामला, डिस्कसाठी हाक देणारा इंटरप्ट १३ मारायचा (हे आकडे हेक्स, म्हणजे सोळाच्या पद्धतीतले) आणि पदरी पडलं ते पवित्र मानायचं. बायोस कुरकुरलं तर कॅरी उचलतं आणि कारण एएचमध्ये ठेवतं. ठेवू दे. बायोसचे रुसवे किती काढायचे?

आता भूमिती. उत्तरात सीएचमध्ये सिलिंडर (डिस्कवरची वर्तुळं), सीएलमध्ये सेक्टर (वर्तुळाचे तुकडे), एवढं पाठ असलं की पुरे. सीएलचे वरचे दोन बिट खरं तर सिलिंडरचे असतात, सेक्टरच्या वाट्याला खालचे सहाच येतात. पण इतक्या चौकशा हव्यात कशाला? समजा, डिस्क १०२४ सिलिंडर आणि ६३ सेक्टर सांगतेय. तुम्ही वाचाल २५६ सिलिंडर आणि २५५ सेक्टर. एकीकडे चौथाई उरली, दुसरीकडे चौपटीहून थोडं जास्त झालं. २५५ हेड (वाचणारी डोकी) धरून गुणाकार केलात की ८.४२ जीबीऐवजी ८.५२ जीबी. एवढा फरक कोण बघतो? दोन चुका इतक्या गुण्यागोविंदानं नांदत असताना त्यांच्यात बिब्बा घालणं पाप आहे.

डीएलही जपून ठेवू नका. त्यात तुम्ही ८० घातला होता, पण परत येताना तिथे ड्राइव्हची संख्या बसलेली असते. एकच डिस्क असेल तर १. पुढचं वाचन त्याच डीएलवर करा, म्हणजे मशीन इमानदारीनं दुसरी फ्लॉपी (तिचाच क्रमांक १) शोधायला जाईल. मग डिस्कची केबल बदला.

तरीही जमलं नाही तर एरर कोड छापा. छापण्यासाठी आधी एएचमध्ये ‘अक्षर छाप’ सांगणारा ०ई भरायचा, मग पडद्याचा इंटरप्ट १० मारायचा, आणि त्यानंतर एएचमध्ये काय आहे ते निरखायचं. दर वेळी ०ई! इतका सातत्यानं येणारा एरर खोटा कसा असेल? शिवाय १३च्या एररच्या यादीत ०ई खरंच सापडतो, अॅड्रेस मार्कबद्दल काहीतरी गंभीर लिहिलेलं असतं. (माझी एक अख्खी रात्र त्या ओळीवर गेली आहे. ओळ निर्दोष होती.)

बायोसवरचा विश्वास एव्हाना उडाला असेलच. मग थेट डिस्कच्या पोर्टवर उतरा. १एफ७वर डिस्कची ओळख विचारणारी ईसी कमांड टाका आणि बीएसवाय (‘मी कामात आहे’ सांगणारा) बिट उतरायची वाट न बघता १एफ०मधून २५६ वर्ड ओरपा. कधीतरी नशिबानं डिस्क तयार असेल आणि मॉडेलचं नाव हाती लागेल. क्यूईएमयूमध्ये (सॉफ्टवेअरनं बनवलेल्या नकली मशीनमध्ये) चालवत असाल तर पडद्यावर ‘ईक्यूयूएम’ उमटेल, कारण प्रत्येक वर्डमधली दोन अक्षरं उलट क्रमानं येतात. ती अदलाबदल करायच्या भानगडीत पडू नका. ईक्यूयूएम कंपनीचा ड्रायव्हर कुठे मिळतो ते शोधा.