क्रीमची डबी उकळून तिच्यात लोणचं भरू नका

नातेवाइकांच्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय. त्याचा सारांश असा: क्रीमच्या डब्या, शाम्पूच्या बाटल्या फेकू नका. पाच मिनिटं उकळल्या की निर्जंतुक होतात, मग त्यांत मसाला, तूप, लोणचं काहीही भरा. तळाशी त्रिकोण असलेल्या सगळ्या रिसायकल होतात, तेव्हा पंप-झाकणासकट कोरड्या कचऱ्यात टाका. डिओच्या डब्याला भोक पाडून द्या. परफ्यूमच्या महागड्या बाटल्या लेबल-खोक्यासकट भंगारात विका, भाव चांगला येतो.

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. पण यातला एकही सल्ला जसाच्या तसा पाळण्याजोगा नाही, आणि दोन तर सरळ धोक्याचे आहेत.

‘पाच मिनिटं उकळलं की निर्जंतुक’

उकळत्या पाण्यात बहुतेक जिवाणू मरतात, पण त्यांचे बीजाणू टिकतात, त्यामुळे निर्जंतुक हा शब्द इथे लागू होत नाही. मोठी अडचण वेगळीच आहे. यातली बरीच प्लास्टिकं उकळण्यासाठी नसतातच. पीईटी (पाण्याच्या पारदर्शक बाटल्यांचं प्लास्टिक) ७० ते ८० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं. टोनरची किंवा गुलाबपाण्याची पारदर्शक बाटली उकळत्या पाण्यात आकसते, गळ्याचे आटे वाकडे होतात आणि झाकण पुन्हा घट्ट बसत नाही. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन उकळी सोसतं. एचडीपीई (शाम्पूच्या अपारदर्शक बाटल्यांचं प्लास्टिक) वितळत नाही, पण पातळ बाटली वाकते. काचेसारखी चमकणारी जाड क्रीमची डबी बहुधा दुहेरी असते: बाहेर ॲक्रिलिक, आत पीपीची वाटी. दोहोंच्या फटीत पाणी शिरलं की ते वाळत नाही आणि तिथेच बुरशी धरते. अशी डबी स्पिरिटने पुसायचीही नाही, ॲक्रिलिकला बारीक तडे जातात.

शिवाय क्रीमचा तेलकट थर आत तसाच असेल तर उकळून उपयोग नाही. थराखाली जे आहे ते थराखालीच राहतं. धुण्याचा क्रम असा ठेवा. उरलेलं क्रीम चमच्याच्या दांड्याने खरवडा आणि रद्दी कागदाने पुसून घ्या, मोरीत सोडू नका. काजळ, लिपस्टिक, वॉटरप्रूफ मस्कारा यांना आधी थोडं खोबरेल तेल चोळा, रंग तेलात सुटतो, मग कागदाने टिपा. नंतर हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात भांड्यांचं लिक्विड घालून अर्धा तास भिजवा, बाटलीच्या ब्रशने घासा, खळाळून धुवा. सीरम आणि प्रायमरमध्ये सिलिकोन असतं. ते एका धुण्यात जात नाही, बोटाला बुळबुळ लागेनाशी होईपर्यंत साबणाचा हात पुन्हा पुन्हा द्या. शेवटी झाकण वेगळं ठेवून २४ तास उपडी वाळवा. ओलसर डबी बंद केली की आधीची मेहनत वाया जाते.

‘मग मसाला, तूप, लोणचं काहीही भरा’

हे करू नका. स्वच्छ धुतलेल्या डबीतही नाही.

अन्नाच्या प्लास्टिकला आपल्याकडे वेगळे नियम आहेत. एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या केंद्रीय संस्थेच्या २०१८च्या पॅकेजिंग नियमांनुसार डब्यातून अन्नात उतरणाऱ्या एकूण पदार्थांची मर्यादा किलोमागे ६० मिलिग्रॅम आहे, आणि प्लास्टिकमध्ये घालायचे रंग आयएस ९८३३ या मानकातल्या यादीतलेच लागतात. क्रीमच्या गुलाबी किंवा सोनेरी डबीला ही अट लावून ती तयार केलेली असेलच असं नाही. भर म्हणजे २०२२च्या प्लास्टिक कचरा नियमदुरुस्तीने कडक प्लास्टिकच्या पॅकिंगमध्ये पुनर्वापरित प्लास्टिक घालणं टप्प्याटप्प्याने बंधनकारक केलं: २०२५-२६ साठी ३० टक्के, तिथून २०२८-२९ पर्यंत ६० टक्के. शाम्पूच्या बाटलीसाठी हे उत्तमच आहे, पण तेच प्लास्टिक अन्नासाठी तपासलेलं नसतं.

पीपी आणि एचडीपीई सुगंधी द्रव्यं शोषून घेतात. म्हणून धुतल्यावरही डबीला वास येत राहतो. तो वास म्हणजे भिंतीत मुरलेलं रसायन. लोणच्याचं तेल आणि तूप ते बाहेर ओढतात, आंबट खार आणि मीठ त्यात भर घालतात. गोरं करणाऱ्या बेनामी क्रीमच्या डब्या तर धुवायच्याही नाहीत. अशा काही क्रीममध्ये पारा सापडला आहे, आणि २०२३ मध्ये अकोल्यातून त्यामुळे मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. ज्या ट्यूबवर उत्पादकाचा पत्ता आणि परवाना क्रमांक नाही, ती पिशवीत बांधून घातक घरगुती कचऱ्यात द्या.

मग वापरायच्या कशासाठी? एकेरी भिंतीच्या पीपी डब्या टाचण्या, बटणं, स्क्रू, टिकल्या यांना छान. पंपाच्या बाटलीत हँडवॉश भरा. फेस काढणाऱ्या पंपात मात्र दाट हँडवॉश चालत नाही, आतली बारीक जाळी तुंबते. एक भाग हँडवॉश आणि चार भाग पाणी असं मिसळा, आणि आठ-दहा दिवसांपुरतंच करा, कारण पाणी वाढवलं की त्यातलं परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) विरळ होतं आणि जिवाणू वाढू शकतात. घरी काढलेला कोरफडीचा गर या बाटल्यांत साठवू नका. ब्लीच किंवा संडास धुण्याचं ॲसिड पंपाच्या बाटलीत भरलं तर स्प्रिंग गंजते. आणि शाम्पूच्या बाटलीत फिनेल भरून ठेवणं लहान मुलांच्या घरात कधीही करू नये.

‘त्रिकोण आहे म्हणजे रिसायकल होते’

त्रिकोणातला आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो. अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने १९८८ मध्ये ही खूण आणली: १ पीईटी, २ एचडीपीई, ३ पीव्हीसी, ४ एलडीपीई, ५ पीपी, ६ पॉलिस्टायरीन, ७ बाकी सगळं. ‘७’ची डबी घ्यायला सहसा कोणी तयार नसतं, तरी त्रिकोण तिच्यावरही असतो. बाणांचा अर्थ लोक पुनर्वापर असा लावतात म्हणून २०१३ मध्ये मानकातून बाण काढून साधा त्रिकोण ठेवला गेला.

आकडा पुसला गेला असेल तर नखाएवढा तुकडा कापा. वाटीभर पाण्यात लिक्विडचा एक थेंब घाला, म्हणजे बुडबुडे चिकटून राहत नाहीत, आणि तुकडा बोटाने खाली दाबून सोडा. वर आला तर पीई (म्हणजे एचडीपीई किंवा एलडीपीई) किंवा पीपी, बुडाला तर पीईटी, पीव्हीसी, पॉलिस्टायरीन, एबीएस (कडक प्लास्टिकची एक जात) किंवा ॲक्रिलिक. कारखान्यातही पाण्याच्या टाकीत हेच करतात, आणि म्हणूनच पीईटीच्या बाटलीवरचं पीव्हीसीचं घट्ट वेष्टण त्रास देतं. दोन्ही बुडतात, वेगळे होत नाहीत. पीईटी वितळवायला २६० अंशांच्या पुढे जावं लागतं, तितक्यात पीव्हीसी जळून हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतं आणि सगळा माल पिवळा पडतो. तुम्ही घरी कात्रीने वेष्टण कापलंत तर हे टळतं. दोन मिनिटांचं काम आहे.

‘पंपासकट टाका’

पंप उघडून पाहा. पीपीचं धड, पीईची नळी, पोलादी स्प्रिंग, काचेची किंवा पोलादाची गोळी. स्प्रिंग ग्राइंडरमध्ये गेली तर पात्याची धार जाते. पंप चालू असेल तर दुसऱ्या बाटलीला लावा, गळ्याचा व्यास मात्र जुळायला हवा. बिघडलेला असेल तर वेगळा काढून टाका आणि बाटली एकटी द्या. ती घेतली जाण्याची शक्यता याने खूप वाढते.

फेसवॉशच्या ट्यूबमध्ये कधी पीईच्या थरांमध्ये ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असतो. दाबल्यावर चुरगळलेली तशीच राहिली तर तो पत्रा आहे, आणि अशी ट्यूब नेहमीच्या भंगारात चालत नाही. लिपस्टिकची नळी, कॉम्पॅक्टची डबी यांत एबीएस, धातू, आरसा, चुंबक सगळं एकत्र. वजन इतकं कमी की वेचणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही. पुण्यात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचकांकडे किंवा तुमच्या वॉर्डातल्या संकलन केंद्रात काय घेतात ते विचारून घ्या, अंदाजाने पिशव्या भरू नका.

‘डिओच्या डब्याला भोक पाडा’

अजिबात नाही. फवारा थांबला तरी आत ब्युटेन-प्रोपेनसारखा ज्वलनशील वायू उरतो. खिळ्याची एक ठिणगी पुरते. मोकळ्या हवेत, गॅस आणि देवघराच्या दिव्यापासून लांब, फुस्स आवाज बंद होईपर्यंत बटण दाबा आणि डबा अख्खा, वेगळ्या पिशवीत, सांगून द्या. चुंबक चिकटला नाही तर ॲल्युमिनियम आहे, त्याला किंमत येते. नेलपॉलिशची अर्धी बाटलीही याच पिशवीत, तिच्यातलं द्रावक तितकंच पेटतं.

‘लेबल-खोक्यासकट विका’

अख्ख्या ब्रँडेड बाटलीला जास्त भाव मिळतो, कारण तिच्यात नकली माल भरून ती पुन्हा विकता येते. परफ्यूमचा फवारा गळ्यावर दाबून बसवलेला असतो. पकडीने ओढला तर काच फुटून हात कापतो, म्हणून तो काढायच्या फंदात न पडता लेबल खरवडा, काचेवर छापलेल्या नावावर कानशीने ओरखडे मारा, झाकण तोडा. खोकं फाडताना बॅच क्रमांक आणि बारकोड यांचे तुकडे करा. बाटली फुटली असेल तर वर्तमानपत्राच्या तीन-चार थरांत गुंडाळून, दोरीने बांधून, वर मोठ्या अक्षरांत ‘काच’ लिहा.