'हौशी' आणि 'अंदाजपंचे': एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ. सेकंडहँड गाडीची मिसिंग (एखादा सिलिंडर नीट पेटत नाही आणि इंजिन झटके देतं ते) आणि चेक इंजिनचा पिवळा दिवा यावर मी लिहिलं, त्याखाली तुमची प्रतिक्रिया आली: "प्लगचा गॅप १.१ सेंटीमीटर? धन्य आहे. जुन्या गाडीचं आधी कॉम्प्रेशन बघायचं असतं. हौशी लोकांनी अंदाजपंचे कॉइल फिरवत बसू नये." (कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमधला दाब, कॉइल म्हणजे प्लगला ठिणगीची वीज देणारा भाग.) उत्तर देणार नव्हतो. बायको म्हणाली, सोडून द्या. पण दोन दिवस झाले, डोक्यातून जात नाही, म्हणून लिहून राहिलो.

आधी तुमचं बरोबर आहे ते. गॅप, म्हणजे प्लगच्या टोकाची ठिणगीची फट, १.१ मिलिमीटर; सेंटीमीटर हा टायपिंगचा घोळ. दुरुस्त केला, आभारी आहे. 'धन्य आहे' लिहिलं नसतं तरी केला असता.

आता 'अंदाजपंचे'. हा शब्द कुठे वापरायचा ते तरी बघा. इंजिनाचा कॉम्प्युटर क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) फिरण्यावर नजर ठेवून असतो. एखाद्या सिलिंडरने जोर लावला नाही की क्रँक क्षणभर मंदावतो आणि तो नेमका सिलिंडर पकडला जातो. त्याचा कोड स्कॅनर लावला की वाचता येतो: पी ०३०३ म्हणजे तिसरा. पण का, ते कोड सांगत नाही. ठिणगी पडत नसेल, इंजेक्टर पेट्रोल सोडत नसेल, फाटक्या पाइपातून हवा शिरत असेल. इथून पुढे आपल्याकडे सर्रास काय होतं? चारही प्लग बदला. नाही गेलं? चारही कॉइल बदला. तरी नाही? इंजेक्टर. बिल गिऱ्हाइकाच्या माथी. याला म्हणतात अंदाजपंचे.

मी काय केलं? इंजिन बंद करून थंड होऊ दिलं, तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर बसवली, कोड पुसला, गाडी फिरवून आणली. नवा कोड आला पी ०३०१. म्हणजे आजार कॉइलच्या मागे मागे चालत गेला. खर्च शून्य, लागला १० चा पाना आणि पाऊण तास. कोड तिसऱ्यावरच थांबला असता तर हाच खेळ प्लगचा केला असता, मग इंजेक्टरकडे वळलो असतो. एका वेळी एकच वस्तू हलवायची. हा अंदाज असेल, तर पुरावा कशाला म्हणता तुम्ही?

आणि 'हौशी'! माझे बाबा एसटीच्या नागपूरजवळच्या हिंगण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेत होते. लहानपणी रविवारी आमच्या अंगणात शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गाड्या उघडलेल्या असायच्या आणि कंदील, पुढे बॅटरी, धरायला मी. (बसच्या डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो, हे सांगायला परत येऊ नका. माहीत आहे.) चारातला एक सिलिंडर मरतोय हे सायलेन्सरच्या आवाजावरून ओळखायला बाबांनी शिकवलं, तेव्हा स्कॅनर नावाची वस्तू आमच्या मोहल्ल्यात कोणी पाहिलेली नव्हती. आजवर चार गाड्या घेतल्या, चारही जुन्या.

ही चौथी २०१४ ची. विकणाऱ्याने कोड पुसून दाखवली होती, म्हणून चावी फिरवून घेताना सगळं कसं गुळगुळीत. मानेवाड्याहून बुटीबोरीच्या दोन चकरा झाल्या आणि दिवा लागला. तिसऱ्या चकरेत खापरीजवळ तो लुकलुकायला लागला. लुकलुकतो म्हणजे न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन धूर साफ करणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये पेटतं आणि तो महागाचा डबा भाजून निघतो. मी गाडी तिथेच कडेला घेतली. नवतपा सुरू होता, डोक्याला दुपट्टा बांधून टोइंगवाल्याची वाट बघत सव्वा तास वर्धा रोडवर उभा होतो. हौशी माणूस एसी लावून तसाच घरी आला असता. तुम्ही हे सगळं घरात कूलरसमोर बसून लिहिलं असावं, असा माझा अंदाज आहे. घ्या, हा मात्र खरंच अंदाज.

टीका करा, हरकत नाही. पण लेख पूर्ण वाचून करा, आणि समोरच्याचं वय काय, हातावर ग्रीस किती, हे माहीत नसताना 'लोकांनी बसू नये' वगैरे हुकूम सोडू नका. आमच्या नागपूरच्या महाल भागात असं बोललं तर लोक चहासुद्धा विचारत नाहीत.

कॉम्प्रेशनचं म्हणाल, तर ज्याला बघायचं त्याने बघावं. चारही प्लग काढा, गेज लावा, स्टार्टर मारत बसा, कोणी अडवलं? कोड कॉइलबरोबर हलला तिथेच माझ्यापुरता तो विषय मिटला. नवी कॉइल टाकून चार महिने झाले, दिवा एकदाही लागला नाही. सकाळी पहिल्या स्टार्टला मिनिटभर गाडी थरथरते, पण ते इंजिनच्या फाउंडेशनचं (इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं त्यांचं) आहे. आवाजावरून कळतं मला.