शेत कोणाचं होतं तेपण सांगा की

सकाळी सकाळी फॅमिली ग्रुपवर काकांचा फॉरवर्ड. १० मार्च १९०५, मुकदेनला जपानने रशियाला लोळवलं, आशियाने युरोपला पाणी पाजलं वगैरे. खाली झेंडे, अंगठे, तीन चुलतभावांचं 'जबरदस्त'. डोकंच सटकलं माझं, चहा तसाच गार झाला.

अरे पण मुकदेन आहे कुठे? ना जपानात ना रशियात. चीनमध्ये, मांचुरियात, आजचं शेनयांग. चीन त्या युद्धात नव्हताच, आम्ही तटस्थ म्हणून जाहीर करून बसलेला, आणि त्याच्याच रानात दोन्हीकडची मिळून सहा लाखांच्या आसपास माणसं जवळजवळ तीन आठवडे तोफा घेऊन. मातीच्या भिंतींची गावंच्या गावं मोर्चे करून टाकली. जपानचा सेनापती ओयामा इकडून, रशियाचा कुरोपात्किन तिकडे, जपानचाच जनरल नोगी पश्चिमेकडून वळसा घालून, हे सगळ्यांना पाठ. त्या गावातली माणसं कुठे गेली ते कुणी विचारत नाही.

मी चौथीत असताना विहिरीच्या पाण्यावरून दोन शेजाऱ्यांत पेटलं. एकाचं रान आमच्या वरच्या अंगाला, दुसऱ्याचं खाली, मधे आमची दोन एकर ज्वारी, हुरड्याला आलेली. मारामारी झाली ती आमच्या ज्वारीत! काठ्या, कुऱ्हाडीचे दांडे, वर एकाने ट्रॅक्टर घातला. पुढे दोघं तालुक्याला जाऊन मिटवून आले, आम्हाला कुणी बोलावलंपण नाही.

ते युद्ध मिटवणारा पोर्ट्समथचा तह सेम टू सेम. सप्टेंबर १९०५, अमेरिकेत, टेबलावर फक्त रशिया आणि जपान. पोर्ट आर्थर बंदराचा भाडेपट्टा, रेल्वे, जमीन सगळी चीनची, आणि चीनला बोलावलं कधी, तर डिसेंबरात, झालेल्या वाटणीला हो म्हणायला. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना मात्र मध्यस्थीबद्दल पुढच्या वर्षी शांततेचं नोबेल. आणि मांचुरियातला शेतकरी पिकवायचा काय? काओलियांग. म्हणजे ज्वारीच की!

हां, मान्य, रशियापण मांचुरियातून हलत नव्हता, आणि जपान जिंकला म्हणून तेव्हा इकडे आपल्या लोकांना उभारी आली. आली असेल. बास.

जपानच्या पोरांचं तरी काय म्हणा. या एका लढाईत त्यांचे ७० हजारांच्या वर मेले-जखमी झाले, नोगीचे स्वतःचे दोन्ही मुलगे याच युद्धात आधीच गेलेले. त्या रात्री आमच्याकडे वरच्या रानातला तो डोकं फुटून आमच्याच ओट्यावर येऊन बसला होता. आजीने शिव्या देत देत त्याच्या जखमेत हळद दाबली. सकाळी मी तिच्याबरोबर रानात, ती आडवी झालेली ताटं एकेक उचलून बघत होती, कुठल्या कणसात दाणा राहिलाय.

काका, तुम्ही विसरला असाल, पण भरपाईसाठी तलाठ्याकडे चार चकरा मारणारे तुम्हीच होता. ग्रुपवर हे लिहीत नाहीये, इथे लिहितेय, कारण तुम्ही फेसबुकवर नाही.