‘पगाराला पैसे देऊ नका’ असं सांगणाऱ्यांसाठी

मुलांच्या शिक्षणासाठी देणगी कशी द्यावी, हे सांगणारा एक संदेश सध्या फिरतोय. मला तो चार जणांनी पाठवला, आणि चौघंही दरवर्षी आठवणीने देणगी देणारी माणसं आहेत. म्हणूनच उत्तर लिहायला बसले. संदेशाचं म्हणणं थोडक्यात असं: पैसे देऊ नका, वस्तू द्या, म्हणजे मदत थेट मुलाच्या हातात पडते. पगारावर खर्च करणारी संस्था टाळा. टॅब द्या, मूल त्यावर आपलं आपण शिकतं. आणि ‘युवा नेतृत्व’ म्हणत येणाऱ्यांना दारातूनच परत पाठवा, ते सगळं फोटोपुरतं असतं.

वस्तू मुलाच्या हातात पडते, हे खरं आहे. पण पडल्यावर काय होतं? पश्चिम केनियात १९९०च्या दशकात शाळांना मोफत पाठ्यपुस्तकं पुरवली गेली आणि परिणाम काटेकोरपणे मोजला गेला. सरासरी गुण वाढले नाहीत. फायदा झाला तो आधीच पुढे असलेल्या मुलांना. पुस्तकं इंग्रजीत होती आणि बहुतेक मुलांची ती तिसरी भाषा. ज्याला पुस्तक सर्वांत गरजेचं होतं, त्यालाच ते उघडून उपयोग नव्हता.

आता पगाराचं. संदेशातला हा भाग मला सर्वांत जास्त खुपतो, कारण वाचायला शिकवणं हे माणसाचं काम आहे आणि माणसाला घर चालवावं लागतं.

मुंबई आणि वडोदरा इथे २००१ ते २००३ या काळात ‘प्रथम’ या संस्थेच्या बालसखी उपक्रमाचा अभ्यास झाला. वस्तीतल्याच शिकलेल्या तरुणी मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास वेगळं बसवून अक्षरओळख आणि आकडेमोड पक्की करून घेत. या उपक्रमाचा खर्च म्हणजे मुख्यतः त्या तरुणींचं मानधन. मुलांचे गुण स्पष्ट वाढले, आणि सर्वांत मागे असलेल्यांचे सर्वांत जास्त. उपक्रम थांबल्यावर वर्षभरात त्यातला बराचसा फायदा ओसरला, हेही त्याच अभ्यासात आहे. म्हणजे हा पगार एकदा देऊन मोकळं होण्यासारखा नाही, तो चालू ठेवावा लागतो. अभ्यास करणाऱ्यांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना पुढे २०१९मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. केनियातल्या पाठ्यपुस्तकांच्या अभ्यासात क्रेमर होते.

मी स्वतः काही वर्षं मुलांबरोबर वाचायला बसते. तिसरीतला एक मुलगा गोष्टीचं पुस्तक घडाघडा वाचायचा. सगळे खूश होते. एकदा मी सहज चित्रावर तळहात ठेवला आणि तो गप्प झाला. ओळीखाली बोट तसंच होतं, पण त्याला ‘पाऊस’ वाचता येईना. त्याने सगळी पुस्तकं चित्रांवरून पाठ केली होती. त्यानंतर आम्ही मागे गेलो, काना-मात्रांपर्यंत. दोन महिने लागले. शेजारी बसायला कोणी नसतं, तर तो तसाच चौथीत गेला असता.

‘खर्च कमी, तितकी संस्था चांगली’ हा याच मुद्द्याचा दुसरा भाग. उत्तर युगांडात मातृभाषेतून वाचन शिकवणाऱ्या एका कार्यक्रमाची दोन रूपं शेजारी शेजारी तपासली गेली. एकात शिक्षकांचं भरपूर प्रशिक्षण, वर्गात येऊन मार्गदर्शन आणि पुरेसं साहित्य होतं. दुसऱ्यात याच गोष्टींना कात्री लावली होती. पहिल्यामुळे वाचन आणि लेखन दोन्ही जोरात सुधारलं. स्वस्त रूपात वाचन थोडंसंच सुधारलं आणि लेखनाचे काही भाग तर कार्यक्रम नसलेल्या शाळांपेक्षाही मागे पडले. आणि ज्या अमेरिकी संस्था इतर संस्थांचं मूल्यमापन करतात, त्यांच्यापैकी तिघींनी २०१३मध्ये देणगीदारांना खुलं पत्र लिहून सांगितलं की प्रशासकीय खर्चाच्या टक्केवारीवरून संस्थेचं काम जोखू नका. हिशेब मात्र जरूर मागा. फसवणूक होते, आणि संदेश लिहिणाऱ्याची चीड मला समजते. पण त्याबरोबर हेही विचारा: सुरुवातीला किती मुलं अक्षरं ओळखत होती, किती शब्द वाचत होती, किती परिच्छेद, आणि आज किती? ज्या संस्थेला हे सांगता येत नाही, तिथून मी पैसे काढून घेईन, तिचा पगारखर्च कितीही कमी असो.

टॅबबद्दल. पेरूमध्ये ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या योजनेचा ३१९ ग्रामीण शाळांमध्ये अभ्यास झाला. प्रत्येक लॅपटॉपमध्ये दोनशे पुस्तकं आधीच भरलेली होती, तीही अशा घरांत, जिथे पाच पुस्तकंसुद्धा सहसा नसत. तरी भाषा आणि गणिताचे गुण वाढले नाहीत, वाचनाची सवयही वाढली नाही. मी एका शाळेत देणगीत आलेले टॅब कपाटात कुलूपबंद बघितलेत, खोक्यांवरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा निघालेला नव्हता. फुटला तर भरून कोण देणार, ही शिक्षकांची धास्ती होती. धास्ती खरीच होती, कारण दुरुस्तीचे पैसे देणगीत धरलेलेच नव्हते.

तंत्रज्ञान निरुपयोगी आहे, असं मी म्हणत नाही. वडोदऱ्याच्याच अभ्यासात आठवड्याला दोन तास संगणकावर गणिताचे खेळ खेळलेल्या मुलांचं गणित चांगलंच सुधारलं. दिल्लीत शाळा सुटल्यावरच्या केंद्रांमध्ये ‘माइंडस्पार्क’ हे संगणकावर शिकवणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या मुलांची साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्हींत मोठी प्रगती झाली. ते सॉफ्टवेअर मूल कुठे अडलंय ते बघून तिथूनच धडा देतं, आणि त्या केंद्रांत छोट्या गटाला शिकवणारं माणूसही होतं. ‘आपलं आपण शिकतं’ हे त्यातून सिद्ध होत नाही.

नेतृत्वाबद्दलची तक्रार अर्धी बरोबर आहे. संशोधक रॉजर हार्ट यांनी १९९२मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची शिडी मांडली. तिच्या तळाच्या पायऱ्यांवर मुलं फक्त शोभेला उभी असतात. टोप्या, फलक, टाळ्या. अशा शिबिरांना पैसे देऊ नका, माझंही हेच म्हणणं आहे. पण शिडीला वरच्या पायऱ्याही आहेत, जिथे निर्णयांत मुलांचा खरा वाटा असतो.

आमच्या वाचनालयाची वही आठवीतली एक मुलगी सांभाळते. पुस्तक फाटलं तर दंड, हा नियम आम्ही मोठ्यांनी केलेला. तिने वही उलटून दाखवली: दंड सुरू झाल्यापासून धाकट्यांनी पुस्तकं घरी न्यायचंच सोडलं होतं. मुलांनी बसून नियम बदलला. आता ज्याच्याकडून फाटतं, तो तिच्यासमोर बसून चिकटवतो. दुसरीतली मुलं पुन्हा पुस्तकं नेऊ लागली आहेत. तिला वही, डिंक आणि आठवड्यातून एकदा येणारी एक ताई लागते. त्या ताईंचा पगार देणगीतूनच जातो.