शेवटचं कधी बघितलंत?

काल रात्री पावणेदोनपर्यंत जागून अजून एक 'बायको गायब' कादंबरी संपवली. या वर्षातली कितवी ते विचारू नका, मोजणं मी सोडलंय. घरचे म्हणतात झोपताना हे काय भयानक वाचत बसतेस, पण खरं सांगू का, यात भयानक असं फारसं नसतंच, रक्त नाही, भूत नाही, पाठलाग असलाच तर शेवटच्या वीस पानांत आणि तोही बऱ्याचदा कंटाळवाणा. मला आवडतात ती पहिली शंभर पानं. दार नुसतं लोटलेलं, फोन चार्जिंगला, टॉवेल अजून ओला, आणि माणूस नाही. झालं, माझी झोप उडालीच म्हणून समजा.

मग पोलीस येतात आणि नवऱ्याला विचारतात, अंगावर कपडे कुठले होते? आणि तो गप्प. वाचणारे आपण लगेच म्हणतो, हा बघा, यानेच केलंय!

मी हा प्रयोग घरी केला. नवरा संध्याकाळी यायच्या आत कपडे बदलले आणि तो आल्या आल्या विचारलं, सकाळी मी काय घातलं होतं? मोबाईलमधून डोकं वर काढून, बराच विचार करून म्हणाला, "ड्रेस." रंग? "डार्क होता ना काहीतरी?" मी पिवळा टॉप आणि जीन्स घातली होती. दोन दिवस मी हे सगळ्यांना सांगत सुटले. तिसऱ्या दिवशी त्याने अगदी शांतपणे विचारलं, माझ्या मानेवरचा तीळ डावीकडे आहे का उजवीकडे? लग्नाला चौदा वर्षं झाली. मी ठोकून दिलं, डावीकडे. तीळ मानेवर नाहीच्चे, खांद्यावर आहे.

तर मला वाटतं या पुस्तकांची खरी ओढ इथे आहे. ती कुठे गेली हे आपल्याला हवंच असतं, पण त्याहून जास्त मजा (मजा हा शब्द बरोबर नाही, पण असू दे) मागे राहिलेल्याचं घर उलटंपालटं होताना बघण्यात असते. कालपर्यंत जे नुसतं कपाट होतं ते आज पुरावा होतं, वेगळं बँक खातं निघतं, डिलीट केलेले मेसेज निघतात, आणि ज्याला वाटत होतं आपण हिला आरपार ओळखतो त्याला कळतं की आपल्याला फक्त हिचं टाइमटेबल पाठ होतं.

एक तक्रार मात्र आहेच. गायब होणारी बाई नेहमी तरुण, सुंदर, गोरी आणि मोठ्या घरातली कशी काय असते? बातम्यांतही तेच, आणि त्याला अमेरिकन पत्रकार ग्वेन आयफिल यांनी २००४ मध्ये नावच ठेवलं, 'मिसिंग व्हाइट वुमन सिंड्रोम'. बाकीच्यांना कोण शोधतं? आणि दुसरं, शेवटचा ट्विस्ट. प्रत्येक धागा गाठ मारून बंद. खऱ्या घरांत असं होत नाही ना. पॉलीन बॉस या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९७० च्या दशकात यासाठी 'अँबिग्युअस लॉस' हा शब्द वापरला, म्हणजे माणूस गेलाय का आहे हेच माहीत नाही, त्यामुळे धड रडता येत नाही आणि धड वाटही बघवत नाही. हे कादंबरीत दोन परिच्छेदांत उरकतात, कारण पुढे ट्विस्ट थांबलेला असतो.

माझी सगळ्यात आवडती केस खरी आहे. ३ डिसेंबर १९२६ च्या रात्री रहस्यकथा लिहिणाऱ्या इंग्रज लेखिका अगाथा ख्रिस्ती घरातून गाडी घेऊन निघाल्या आणि सकाळी सापडली नुसती गाडी, आत फरचा कोट. नवऱ्याचं दुसऱ्या बाईशी प्रकरण चालू होतं, त्याने घटस्फोट मागितला होता, म्हणजे संशय कुणावर ते सांगायलाच नको. हजारच्या वर माणसं शोधत होती, कॉनन डॉयल यांनी तर बाईंचा हातमोजा आत्म्यांशी बोलतो म्हणणाऱ्या एका मांत्रिकासारख्या माणसाकडे नेऊन दिला (शेरलॉकचा बाप, आणि हे!). अकरा दिवसांनी त्या इंग्लंडमधल्याच हॅरोगेट गावच्या हॉटेलात सापडल्या, रजिस्टरमध्ये आडनाव लिहिलं होतं नील. नवऱ्याच्या मैत्रिणीचं आडनाव.

आणि पुढे आत्मचरित्र लिहिलं, चांगलं जाडजूड, त्यात हे अकरा दिवस नाहीतच. आयुष्यभर दुसऱ्यांची कोडी शेवटच्या पानावर सोडवून दिली आणि स्वतःचं तेवढं सोडून दिलं.

हे सगळं मी काल रात्री नवऱ्याला सांगितलं. त्याने ऐकलं, दिवा बंद केला, आणि बऱ्याच वेळाने अंधारात म्हणाला, "आज निळा होता. बारीक पट्ट्यांचा."

बरोबर होतं.