डेअरीचं दरपत्रक आणि टू-डी अ‍ॅरे

कॉलेजात पहिल्या वर्षाला सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवायला लागून मला अकरा वर्षं झाली. त्यातली पहिली पाच-सहा वर्षं मी पुस्तकातली उदाहरणंच फळ्यावर उतरवत होते. क्वार्टर, डाइम, निकेल ही अमेरिकन नाणी वापरून सुट्टे पैसे कसे द्यायचे, हे त्यातलंच एक. पोरांचा अर्धा तास डाइम म्हणजे किती सेंट यातच जायचा. मग स्टाफरूममध्ये चहा घेताना आम्ही म्हणायचो, "मराठी मीडियमची पोरं, लॉजिक कच्चं."

हो, मीपण म्हणायचे.

एकदा टू-डी अ‍ॅरे, म्हणजे आडव्या-उभ्या खणांचा तक्ता, चालू होता. रो, कॉलम, त्यांचे नंबर आय आणि जे. वर्ग ढिम्म. सकाळी दूध घालून कॉलेजला येणारा एक मुलगा मागून म्हणाला, "मॅडम, हे आमच्या डेअरीच्या दरपत्रकासारखंच की. उभं फॅट, आडवं एसएनएफ, गाठ पडते तिथं दर." मी खडू त्याच्या हातात दिला. त्यानं खिशातली पावती काढून वाचली: लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग), दर, रक्कम. गायीच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया, पॉइंट घसरला की दर कापला. पुढचे प्रश्न पोरांनीच काढले. अ‍ॅरेत ३.४ नंबरचा खण असतो का? नसतो, मग दहानं गुणा आणि तक्त्याचा पहिला आकडा वजा करा. तक्त्यातच नसलेलं फॅट आलं तर? तीन-चार जण एकदम ओरडले, "दूध परत!" सी स्वतःहून दूध परत करत नाही, ती अट आपणच लिहायची असते. बाउंड्स चेक, म्हणजे मागितलेला खण तक्त्यात आहे का हे तपासणं, इतक्या झटपट मी कधीच शिकवलेला नाही.

बायनरीचं, म्हणजे फक्त शून्य आणि एक वापरून आकडे लिहिण्याचंही तसंच. शाळेत वृत्तं शिकलेल्यांना 'यमाताराजभानसलगा' पाठ असतं. लघु शून्य, गुरू एक. यमाता ०११, मातारा १११, ताराज ११०... ओळीनं तीन-तीन अक्षरं घेत गेलं की तीन बिटांचे, म्हणजे शून्य-एकच्या तीन घरांचे, आठही आकडे येतात, एकही दोनदा येत नाही. इंग्लिश मीडियमवाली पोरं त्या दिवशी शेजारच्याच्या वहीत डोकावत होती. (मला जरा मजा आली, खोटं कशाला बोला.)

पण मी तोंडावरही पडलेय. नेस्टेड लूपला, म्हणजे लूपच्या आत लूप शिकवताना, ठिपक्यांची रांगोळी दिली. म्हटलं, ही तर सगळ्यांचीच. चेन्नईत सिरोमनी दांपत्य आणि कमला कृतिवासन यांनी १९७४ मध्येच कोलमवरून, म्हणजे तिकडच्या रांगोळीवरून, अ‍ॅरे ग्रामर (खणाखणानं नक्षी तयार करायचे नियम) मांडलं होतं, तेही ऐटीत सांगितलं. एक मुलगी हळूच म्हणाली, "आमच्यात रांगोळी काढत नाहीत मॅडम, मेंदी चालेल?" चालेल म्हटलं, चाललीही. पण 'सगळ्यांची' हे मी माझ्या अंगणाकडे बघून ठरवलं होतं. आता आधी विचारते.

शिक्षणाच्या अभ्यासक ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज यांनी १९९५ मध्ये, अमेरिकेतल्या काळ्या मुलांच्या उत्तम शिक्षकांचा अभ्यास करून, तीन गोष्टी सांगितल्या: मुलांना विषय खरोखर यावा, त्यांची संस्कृती सुटू नये आणि चाललंय त्याला प्रश्न करता यावा. आम्ही मधल्या गोष्टीवरच खूश असतो. उदाहरणात डॉलरचे रुपये केले, झालं.

तिसरी गोष्ट मला त्याच डेअरीवाल्या मुलानं शिकवली. प्रोग्रॅम बरोबर चालला, रक्कम पावतीशी जुळली, तर हा म्हणतो, "मॅडम, फॅट मारतात, मुद्दाम कमी लावतात, ते कुठल्या ओळीत लिहायचं?"

वर्ग हसला. तो नाही हसला. सध्या प्रॅक्टिकलला आम्ही सहा घरांच्या महिन्याभराच्या पावत्या फाइलमध्ये भरतोय, सकाळ-संध्याकाळ वेगळी.